तबकातलं नाव, बरणीवरचं नाव

नेटफ्लिक्सवरच्या ‘विथ लव्ह, मेगन’ या मालिकेच्या दुसऱ्या भागात एक छोटासा प्रसंग आहे. मिंडी केलिंग पाहुणी म्हणून आलेली असते. लहान मुलांच्या पार्टीसाठी दोघींची तयारी चाललेली असते. बोलता बोलता मिंडी ‘मेगन मार्कल’ असा उल्लेख करते, आणि यजमानीण हसत हसत, पण ठामपणे तिची चूक दुरुस्त करते. तू सारखं मार्कल म्हणतेस याची गंमत वाटते, मी आता ससेक्स आहे हे तुला ठाऊक आहे ना, असं काहीसं ती म्हणते. मग सांगते, की मुलं झाल्यावर त्यांचं आणि आपलं नाव एक असण्याला फार अर्थ येतो. मिंडी क्षणभर गडबडते, सावरते आणि गप्पा पुढे सरकतात.

मार्च २०२५ मध्ये मालिका आली, तेव्हा सगळ्यात जास्त चेष्टा या अर्ध्या मिनिटाची झाली. आमच्या प्रयोगशाळेत दुपारच्या डब्यावरसुद्धा तोच विषय. ससेक्स हे काय आडनाव आहे? तो तर इंग्लंडच्या दक्षिणेकडचा परगणा! पण चेष्टा करणाऱ्यांना एक साधी गोष्ट ठाऊक नसावी. वडिलांच्या पदवीतला प्रदेश आडनावासारखा लावण्याची रीत त्या घराण्यात आहे. हॅरी सैन्यात होता तेव्हा तो ‘कॅप्टन वेल्स’ होता. त्याच न्यायाने त्याची मुलं ससेक्स झाली, तर हसण्यासारखं त्यात काही नाही.

मला त्या दृश्यात दुसरंच काही दिसलं. समोर बसलेल्या मिंडी केलिंगचं जन्माचं नाव व्हेरा मिंडी चोकलिंगम. वडील तमिळ, आई बंगाली. कामाच्या जगात तिने ते आडनाव कापून सुटसुटीत केलं आणि त्या नव्या नावावर लेखिका, अभिनेत्री, निर्माती म्हणून वीस वर्षं कमाई केली. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला नाव बदलून ते कामाने मोठं केलेली बाई आणि दुसऱ्या बाजूला कामाने मोठं केलेलं नाव बाजूला ठेवून लग्नात मिळालेलं नाव लावणारी बाई. संपूर्ण मालिकेत एवढा अर्थपूर्ण प्रसंग दुसरा नाही, आणि तो तसा आहे याची जाणीव मालिका बनवणाऱ्यांना अजिबात नाही.

आपल्याकडच्या वाचकाला तरी हा प्रसंग परका वाटू नये. गृहप्रवेशाच्या वेळी तबकात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आडनाव तर बदलायचंच, पण पहिलं नावही. सुमनची सुनीता व्हायची आणि पुढची चाळीस वर्षं माहेरची माणसं सोडून सुमन अशी हाक कोणी मारायचं नाही. माझ्या लग्नात तबक आलं, तेव्हा मी माझंच नाव लिहायला लावलं. त्यात बंडखोरी काही नव्हती. तोवर माझे चार शोधनिबंध छापून झाले होते आणि नाव बदललं असतं, तर ते कोणा भलत्याच बाईचे झाले असते. आमच्या धंद्यात नाव हेच भांडवल. राजवाड्यात लग्न करून जाणाऱ्या बाईचं किंवा पुरुषाचं नेमकं काय होतं, हे मला त्यामुळेच समजून घ्यावंसं वाटलं. तिला पदवी मिळते. तिचं काम कुठे जातं?

आधी मालिकेबद्दल. आठ भाग आहेत. कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोजवळच्या एका सुंदर घरात चित्रण झालं आहे आणि ते घर तिचं नाही, भाड्याने घेतलेलं आहे. दर भागात एक पाहुणा येतो, स्वयंपाक होतो, फुलं रचली जातात, मधमाश्यांच्या पेट्या उघडल्या जातात. दुकानातून आणलेले प्रेट्झेल एका पाकिटातून काढून दुसऱ्या, दोरी बांधलेल्या पाकिटात भरण्याचा प्रसंग तर प्रसिद्धच झाला. त्याच्यावर हसायला मला संकोच वाटतो. पाहुणा येणार म्हणून फरसाण स्टीलच्या डब्यातून काढून काचेच्या वाडग्यात ठेवणं यात माझ्या आईचं अर्धं आयुष्य गेलं आहे. घर नीट ठेवणं आणि आल्यागेल्याचं अगत्य करणं हे काम आहे आणि त्याच्यावर मालिका निघायला काहीच हरकत नाही.

अडचण अशी, की या मालिकेत कोणी काही शिकत नाही आणि कोणाचं काही बिघडत नाही. चांगल्या पाककृतीच्या कार्यक्रमात एक तर शिकवणाऱ्याचं कौशल्य दिसतं किंवा शिकणाऱ्याची धडपड. इथे यजमानीण दोन्ही नाही. ती स्वतःला आचारी म्हणवत नाही, ते प्रामाणिक आहे. पण मग आपण काय पाहायचं? पाहुणे तिचं कौतुक करतात, ती पाहुण्यांचं करते. रॉय चॉय हा लॉस एंजेलिसमध्ये कोरियन टाकोच्या गाड्यांमुळे नावारूपाला आलेला स्वयंपाकी येतो, तेव्हा मात्र हवा थोडी बदलते. दोघंही त्याच शहरात वाढलेले. तिथे ती पदवीशिवायची, शहरातली एक मुलगी होते आणि तेवढा वेळ कार्यक्रम जिवंत होतो. ॲलिस वॉटर्स येते, तेव्हा उलट घडतं. १९७१ मध्ये बर्कलीत ‘शे पानीस’ सुरू करून अमेरिकेच्या ताटात काय यावं हेच बदलून टाकणारी बाई समोर आहे, आणि तिला विचारण्यासारखे पन्नास प्रश्न न विचारताच भाग संपतो.

गंमत अशी, की ह्याच बाईला एक काम उत्तम येत होतं. ‘सूट्स’ ही मालिका २०११ मध्ये सुरू झाली. तिच्यात रेचल झेन ही भूमिका तिने सात हंगाम केली. शिवाय ‘द टिग’ नावाची खाणंपिणं, प्रवास, बायकांचे प्रश्न अशा विषयांवरची स्वतःची वेबसाइट ती चालवत होती. एप्रिल २०१७ मध्ये ती बंद केली. नोव्हेंबरमध्ये साखरपुडा जाहीर झाला, तेव्हाच्या मुलाखतीत अभिनय सोडण्याबद्दल विचारल्यावर तिने सांगितलं, की आपण काही सोडतोय असं वाटत नाही, हा एक बदल आहे. १९ मे २०१८ ला विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये लग्न झालं, त्याच दिवशी राणीने जोडप्याला ससेक्सची पदवी दिली. तबकात नाव लिहून झालं.

हॅरीच्या ‘स्पेअर’ या जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या आत्मकथनात या संदर्भातला एक प्रसंग आहे. तिथे बरंच काही आहे, त्यातलं पुष्कळसं भावाभावांतलं, आणि त्यावर एव्हाना सगळ्यांचं बोलून झालं आहे. ह्या प्रसंगाकडे मात्र फारसं कोणी लक्ष दिलं नाही. लग्न ठरत असताना वडील मुलाला विचारतात, की तिला पुढे काम करायचंय का? आणि सुचवतात, की सगळ्यांना पुरेल एवढा पैसा नाही. हॅरीने हा प्रसंग वडिलांच्या कंजूसपणाचा पुरावा म्हणून सांगितला आहे. मला तो वेगळा वाटतो. चुकीच्या कारणासाठी का होईना, त्या घरातल्या एका माणसाने योग्य प्रश्न विचारला होता. आणि मग तो तसाच हवेत राहिला. कोणी बसून कागदावर लिहिलं नाही, की लग्नानंतर ही बाई काय काम करू शकेल, काय करू शकणार नाही, आणि त्याच्या बदल्यात काय.

हा न लिहिलेला कागद पुढे सगळ्यांनाच महाग पडला. ८ जानेवारी २०२० ला दोघांनी जाहीर केलं, की आम्ही ‘सीनियर’ सदस्य म्हणून मागे सरतोय, आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र होणार आहोत आणि राणीला पाठिंबा देण्याचं काम चालूच ठेवू. म्हणजे निम्मं आत, निम्मं बाहेर. १३ तारखेला सँडरिंगहॅमला बैठक झाली आणि १८ तारखेला निकाल आला. ‘हिज’ आणि ‘हर रॉयल हायनेस’ ही संबोधनं असतील, पण वापरायची नाहीत. सरकारी खर्चाची राजकर्तव्यं बंद. फ्रॉगमोर कॉटेजच्या दुरुस्तीचे २४ लाख पौंड परत करायचे. ड्यूक आणि डचेस मात्र राहिले. फेब्रुवारीत ‘ससेक्स रॉयल’ हे नावही वापरायचं नाही असं ठरलं.

तेव्हापासून वाद दोन बाजूंनी चालतो आणि दोन्ही बाजू मला अर्धवट वाटतात. एक बाजू म्हणते, स्वातंत्र्य हवं तर पदवी सोडा. दुसरी म्हणते, त्यांचं नाव आहे, त्यांनी ते हवं तसं वापरावं. पहिल्या बाजूला विचारायला हवं, की बिट्रिस आणि युजिनी या हॅरीच्या चुलत बहिणींच्या नावामागे प्रिन्सेस आणि हर रॉयल हायनेस दोन्ही आहे आणि त्या नोकऱ्या करतात, त्याचं काय? युजिनी ‘हाउझर अँड विर्थ’ या कलादालनात २०१५ पासून काम करते. कोणाचं काही बिघडलं नाही. पदवी आणि पगार एकाच घरात सुखाने नांदू शकतात. नांदत नाही ती तिसरी गोष्ट : देशाच्या वतीने फीत कापायला जाणं. सकाळी देशाच्या पैशाने रुग्णालयाचं उद्घाटन आणि संध्याकाळी स्वतःच्या पैशासाठी करार, हे दोन्ही एकाच माणसाने करायचं म्हटलं की सकाळच्या हारतुऱ्यांची किंमत संध्याकाळच्या करारात मोजली जाते. कोणी हेतुपुरस्सर करो वा न करो.

याचा धडा ब्रिटिश राजवाड्याने आधीच घेतलेला होता. सोफी ऱ्हिस-जोन्सची जनसंपर्काची कंपनी होती. १९९९ मध्ये एडवर्डशी लग्न झाल्यावरही ती चालूच होती. तेव्हा त्याचं फार कौतुक झालं, आधुनिक सून वगैरे. २००१ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चा एक पत्रकार अरब शेख बनून गिऱ्हाईक म्हणून तिच्याकडे गेला आणि बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित केलं. राजकारण्यांबद्दल ती मोकळेपणाने बोलली. आपल्या नात्याचा गिऱ्हाइकाला कसा फायदा होऊ शकतो, याचाही सूर त्यात होता. कंपनीचं अध्यक्षपद गेलं. पुढच्या वर्षी नवराबायको दोघांनीही आपापले धंदे सोडून पूर्णवेळ राजघराण्याचं काम पत्करलं. आज ती एडिनबराची डचेस आहे आणि कर्तव्यदक्ष म्हणून नावाजली जाते. तिने चूक केली, हे खरं. पण त्या शेखाला खरोखर काय विकत घ्यायचं होतं हे बघा. शहरात जनसंपर्काच्या कंपन्या शेकड्याने होत्या. तिची निवडण्याचं कारण तिचं काम नव्हतं. लग्न झालं त्या दिवशी तिच्या कामाची किंमत वाढली आणि त्याच क्षणी ती किंमत तिच्या कामाची राहिली नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहण्यासारखं आहे.

स्वीडनमध्ये राजकन्या मॅडेलिनने २०१३ मध्ये क्रिस्टोफर ओ’नील या वित्तक्षेत्रातल्या माणसाशी लग्न केलं. तिथला दंडक स्पष्ट होता : राजघराण्याच्या सदस्याला स्वीडिश नागरिकत्व हवं आणि उद्योगधंद्यात जबाबदारीचं पद त्याला घेता येणार नाही. ओ’नीलने पदवी नाकारली आणि आपला धंदा चालू ठेवला. राजवाड्याच्या बाल्कनीत तो मिस्टर ओ’नील म्हणूनच उभा राहतो. त्याआधी तीन वर्षं, व्यायामशाळा चालवणाऱ्या डॅनियल वेस्टलिंगने भावी राणीशी लग्न करताना उलट निवड केली. तो प्रिन्स झाला, ड्यूक झाला, बर्नाडोट झाला. दोघांपैकी कोण शहाणा, हा प्रश्न गैरलागू आहे. दोघांनाही दारातून आत जाण्याआधी माहीत होतं, की काय मिळणार आणि काय सोडायचं.

हॉलंडचे पीटर फान व्होलेनहोवन मला फार आवडतात. १९६७ मध्ये त्यांनी राजकन्या मार्ग्रीटशी लग्न केलं. पदवी मिळाली नाही. पुढे वाहतूक-सुरक्षा हा विषय त्यांनी हातात घेतला, तो आयुष्यभर सोडला नाही. २००५ मध्ये अपघातांची चौकशी करणाऱ्या डच सुरक्षा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. अपघाताचा तपास करणारी संस्था सरकारपासून स्वतंत्र हवी, हा त्यांचा आग्रह. राणीचा जावई असल्याने त्यांना दारं उघडी होती, हे उघड आहे. पण आत गेल्यावर त्यांनी जे केलं, ते मोजता येतं.

नॉर्वेचं उदाहरण गुंतागुंतीचं आहे. राजकन्या मार्था लुईसने स्वतःचा व्यवसाय करायचा म्हणून २००२ मध्ये ‘हर रॉयल हायनेस’ सोडलं आणि सरकारी भत्ताही. पण ‘प्रिन्सेस’ राहिलं. ते धंद्यात वापरण्यावरून इतकी टीका झाली, की २०१९ मध्ये ते वापरणार नाही असं तिला जाहीर करावं लागलं. मग ड्युरेक व्हेरेट हा स्वतःला शामन म्हणवणारा अमेरिकन तिच्या आयुष्यात आला. २०२२ मध्ये तिने राजकर्तव्यं सोडली, पदवी ठेवली, आणि धंद्यात राजघराण्याचा उल्लेख करणार नाही असं दोघांनीही मान्य केलं. त्याला पदवी नाही, हेही तेव्हाच ठरलं. ऑगस्ट २०२४ मध्ये गायरांगरला लग्न झालं, तेव्हा छायाचित्रांचे हक्क ‘हॅलो!’ला आणि चित्रीकरणाचे नेटफ्लिक्सला दिलेले होते, आणि लग्नानिमित्तच्या जिनच्या बाटलीवर पदवी छापल्यावरून पुन्हा गदारोळ झाला. म्हणजे कागद असला तरी तो पाळावा लागतो. पण कागद होता, म्हणून निदान बाटली हातात घेऊन विचारता तरी आलं, की हे ठरल्याप्रमाणे आहे का?

आणि जिथे काहीच विचारलं जात नाही तिथे काय होतं, हे जपानने दाखवलं. मासाको ओवादा हार्वर्डची पदवीधर. १९८७ मध्ये परराष्ट्र खात्यात रुजू झालेली, पुढे ऑक्सफर्डला गेलेली, अनेक भाषा येणारी. १९९३ मध्ये युवराज नारुहितोंशी लग्न झालं. राजनैतिक काम राजघराण्यात राहूनही करता येईल अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात वारस कधी, एवढाच प्रश्न तिच्या वाट्याला आला. २००४ मध्ये तिच्या मानसिक आजाराचं निदान जाहीर झालं. त्याच वर्षी नारुहितोंनी पत्रकारांसमोर सांगितलं, की तिची कारकीर्द आणि तिचं व्यक्तिमत्त्व नाकारण्याचे प्रकार झाले आहेत. जपानच्या युवराजाने एवढं बोलणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना कळलं. ह्या घराण्याची गंमत अशी, की त्याला आडनावच नाही. नारुहितोंची पुतणी माको २०२१ मध्ये सर्वसामान्य माणसाशी लग्न करून बाहेर पडली, बाहेर पडणाऱ्या राजकन्येला मिळणारी रक्कमही तिने नाकारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आडनाव मिळालं : कोमुरो. आपण ज्याला नाव गमावणं म्हणतो, ते तिच्यासाठी नाव कमावणं होतं.

या सगळ्यातून एक सोपी कसोटी हाती लागते असं मला वाटतं. ती पदवी असण्या-नसण्याची नाही. अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स हा छायाचित्रकार. १९६० मध्ये राजकन्या मार्गारेटशी लग्न, १९६१ मध्ये अर्ल ऑफ स्नोडन. पुढच्याच वर्षी तो ‘संडे टाइम्स’साठी काम करू लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांच्या भव्य पिंजऱ्याच्या आराखड्यातही त्याचा हात आहे. छायाचित्रांखाली नाव काय येई? स्नोडन. म्हणजे लग्नात मिळालेली पदवीच त्याने कामावर छापली, आणि ती छापली म्हणून कोणी हसलं नाही, कारण ते नाव पुसून टाकलं तरी छायाचित्र छायाचित्रच राहतं. तो माणूस म्हणून सोपा नव्हता, ते सोडा. काम टिकलं. नाव झाकून बघायचं : खाली काही उरतं का?

ही कसोटी मेगनच्या नव्या उद्योगाला लावून पाहू. मालिकेबरोबरच तिचा ‘ॲज एव्हर’ हा उद्योग आला. एप्रिल २०२५ मध्ये पहिला माल विक्रीला आला : रासबेरीचा मुरंबा, चहा, मध, सुकवलेल्या फुलांच्या पाकळ्या. तासाभराच्या आत सगळा संपला. या उद्योगाचं आधीचं नाव ‘अमेरिकन रिव्हिएरा ऑर्चर्ड’ होतं. ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवताना अमेरिकेच्या नोंदणी कार्यालयाने हरकत घेतली. ‘अमेरिकन रिव्हिएरा’ हे सांता बार्बरा भागाचं टोपणनाव आहे आणि प्रदेशाचं नाव कोणा एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही! इंग्लंडातल्या एका अख्ख्या परगण्याचं नाव राणीने एका सकाळी लग्नाची भेट म्हणून दिलं. लग्नानंतर त्या परगण्याचा दौरा झाला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये, एका दिवसाचा. पण ज्या परिसरात ती खरोखर राहते, त्याचं टोपणनाव एका कारकुनी नियमाने तिला दिलं नाही. राजेशाही आणि प्रजासत्ताक यांतला फरक याहून थोडक्यात कोणी सांगितला असेल असं वाटत नाही.

बरणीवर ससेक्स नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. राजवाडाही काही सोवळा नाही. आताच्या राजाने १९९० मध्ये ‘डची ओरिजिनल्स’ काढून आपल्या जहागिरीच्या नावाने बिस्किटं विकली, आजही ती वेटरोजच्या फळीवर दिसतात. नफा धर्मादाय कामाला जातो एवढा फरक आहे, आणि तो मोठा आहे. पण बिस्किटाला मुकुटाचा वास चालतो आणि मुरंब्याला चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. शिवाय एका मिश्रवंशीय अमेरिकन बाईवर तिथल्या वृत्तपत्रांनी जे लिहिलं, त्यातलं बरंच पदवीबद्दल नव्हतंच. ती निघून गेली याचा दोष मी तिला देणार नाही.

माझी तक्रार समीक्षकाची आहे. बरणीवर पदवी नाही, पण मालिकेच्या प्रत्येक चौकटीत ती आहे, कारण ती काढली तर पाहायला काही उरत नाही. त्याच वसंतात एका मैत्रिणीला पाठवलेल्या भेटीच्या टोपलीतल्या कार्डावर ‘हर रॉयल हायनेस’ छापलेलं लोकांनी पाहिलं आणि पुन्हा वाद झाला. ही भेट खाजगी होती, विक्रीची नव्हती, असा खुलासा आला. असेलही. पण स्वतःच्या हातात उत्तम कसब असलेली बाई अजून त्या कार्डाला धरून आहे, याचं मला वाईट वाटलं. तिला पडद्यावर उभं राहता येतं, संवाद म्हणता येतात, समोरच्याचं ऐकता येतं. २०२३ मध्ये ‘सूट्स’ नेटफ्लिक्सवर आली आणि अमेरिकेत पुन्हा तुफान पाहिली गेली. ती लोकांनी पाहिली ती कुठल्या डचेससाठी? श्रेयनामावलीत नाव आहे मेगन मार्कल. ज्या नावाने हाक मारल्याबद्दल तिने मिंडीला टोकलं, ते नाव तिकडे अजून कामावर जातंय.

वाचकहो, राजवाडे आपल्यापासून लांब आहेत. आपल्या देशाने १९५० मध्ये राज्यघटनेतूनच पदव्या बंद केल्या आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही. पण परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक छोटा राजवाडा असतोच. अमेरिकेत एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून काहींना मिळते, तीही नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्याला पोचलं असेल तरच. मंडळाच्या गणपतीत मला भेटलेल्या किती जणी सांगतात, की तिकडे मी आर्किटेक्ट होते, तिकडे मी शिकवत होते. ‘होते’. त्यांना मोठं घर मिळालं, मान मिळाला, अमक्याची मिसेस ही पदवी मिळाली. त्यातल्या कित्येक उत्तम स्वयंपाक करतात आणि पाहुण्यांसाठी फार सुंदर टेबल मांडतात. ‘विथ लव्ह, मेगन’ बघताना मला डचेस आठवली नाही, त्या आठवल्या. आणि मालिका इतकी गुळगुळीत का वाटते, तेही कळलं. त्या टेबलामागे एक मोडलेली कारकीर्द आहे, आणि तिचा उल्लेख करायचा नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.

त्यातल्या त्यात व्हिसाची अट निदान छापलेली असते. विमानात बसण्याआधी वाचता येते. कोणी भांडून ती थोडी बदलूनही घेतली. आत येणाऱ्या माणसाच्या कामाचं काय होणार, हे ब्रिटिश राजवाड्याने स्वीडनसारखं आधी लिहून ठेवलं असतं, तर कदाचित मेगन मार्कल ड्यूकची बायको आणि अभिनेत्री अशी दोन्ही राहिली असती, बाल्कनीच्या कडेला ओ’नीलसारखी उभी. कदाचित तिने ते नाकारलंही असतं. निवड तिची असती.

मालिका पाहाच असं मी म्हणणार नाही. मिंडीचा भाग मात्र पाहा. नाव दुरुस्त केल्यावर त्या दोघी पुन्हा कामाला लागतात, आणि क्षणभर कोणीच काही बोलत नाही. तिथे थांबून तुमच्या ओळखीतल्या एखाद्या सुनीताला विचारा, की आधी तुझं नाव काय होतं, आणि त्या नावाने तू काय काय करत होतीस.